वाट पाहून आलो

वैद्य मॅडम जो विषय शिकवायच्या, तो गेली दोन वर्षं मी शिकवतो. वेळापत्रकावर त्याचं नाव 'निसर्गशिक्षणाचं तत्त्वज्ञान' असं आहे. बुऱ्हाणपूरच्या आमच्या छोट्या संस्थेत जी तरुण मुलंमुली येतात, त्यांना पुढे शाळांची शिबिरं घेऊन डोंगरात आणि नदीकाठी जायचं असतं. दोर, गाठी, तंबू, प्रथमोपचार हे त्यांना लागतं. ते मी शिकवायचो, अजूनही शिकवतो. तत्त्वज्ञान कशाला लागतं हे त्यांना कळत नाही. मलाही कळत नव्हतं. मॅडमच्या तोंडावर मी कधी म्हणालो नाही, पण स्टाफरूममध्ये म्हणायचो, "दोरानं माणूस वाचतो, तत्त्वज्ञानानं नाही वाचत." सगळे हसायचे.

पुढच्या सोमवारी नवी बॅच येते आहे. पहिल्या तासाला त्यांना वाचून दाखवायचं म्हणून हे लिहायला बसलो आहे. वाचून दाखवण्याचं धैर्य त्या दिवशी होईल की नाही, ते आज सांगता येत नाही.

मालती वैद्य हे त्यांचं पूर्ण नाव. आडनावाचा घोटाळा कायम व्हायचा. आम्ही खेड्यात उतरलो की कुणीतरी विचारायचं, "वैद्यबाई आल्या का?" आणि एखादी म्हातारी आपला गुडघा घेऊन पुढे यायची. मॅडम तिला कधी उडवून लावत नसत. शेजारी बसून विचारायच्या, कधीपासून दुखतंय, चढताना दुखतंय की उतरताना. मग म्हणायच्या, "मी डॉक्टर नाही, आजी. पण माझाही दुखतो." म्हातारी खूश होऊन जायची. औषधापेक्षा तेवढंच तिला हवं असावं.

त्यांचे वडील अमरावतीकडून इथल्या कागद कारखान्यात नोकरीला आले होते. मॅडम कॉलनीत वाढल्या, कॉलनीच्याच शाळेत त्यांनी भूगोल शिकवला आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना ती नोकरी सोडून आमच्याकडे आल्या. का सोडली, असं मी एकदा विचारलं. "तीस वर्षं नकाशावर तापी दाखवली," त्या म्हणाल्या. "एकदाही कुणाचे पाय ओले झाले नाहीत." एवढंच.

ठेंगण्या, काटकुळ्या, केस कापलेले, उन्हात डोक्याला पांढरा गमछा. पायात कॅनव्हासचे बूट आणि दोन्ही बुटांच्या नाड्या वेगवेगळ्या रंगांच्या, कारण एक तुटली की एकच विकत घ्यायच्या. रांगेत त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालायच्या. चालताना अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. मला वाटायचं जप करतात. त्या माणसं मोजत असत. दर पाच मिनिटांनी, दिवसभर. शिबिर संपून शेवटचं पोर घरच्यांच्या हाती गेलं की आम्हाला गावातल्या दुकानात नेऊन मावा जिलेबी खायला घालायच्या आणि स्वतः अर्धीच खायच्या. शाब्बास मात्र कधी म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं काम केलं आणि सहा वर्षांत माझ्या एकाही गाठीचं त्यांनी कौतुक केलं नाही. याचा मला राग होता. आज तो राग मोठा करून सांगायचा मोह होतो, कारण त्यानं माझं पुढचं वागणं जरा बरं दिसेल. पण तसं नव्हतं. तो लहानसाच राग होता.

त्यांचा पहिला तास मी एकदाच पाहिला, तोही बस हाकायला माणूस नव्हता म्हणून. वर्गात आल्या, फळ्यावर काही लिहिलं नाही, म्हणाल्या, "या विषयाची पुस्तकात तीन पानं आहेत. ती घरी वाचा. आता चला." सगळ्यांना दापोऱ्याला नेलं. त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची केळीची बाग होती. एकेकाला एकेका झाडाखाली बसवलं, फोन काढून घेतले आणि सांगितलं, तासभर बसा. तासानं सगळ्यांना गोल करून विचारलं, "काय केलं?"

पोरं हुशार होती. मॅडमना काय आवडेल याचा त्यांनी तासभर विचार करून ठेवला होता. एक म्हणाला, मला शांतता ऐकू आली. एक म्हणाली, मला झाडाचा श्वास जाणवला. एकाला आई आठवली. मॅडम मान हलवत ऐकत होत्या. मग महेश महाजन नावाच्या जाड्या मुलाची पाळी आली. तो उठला आणि म्हणाला, "मॅडम, मुझे तो नींद लग गई. आणि मुंगी चावली."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "कुठे चावली?" त्यांनी विचारलं. त्यानं दंड दाखवला. "किती वेळ झोपलास?"

"माहीत नाही, मॅडम."

"याचं लिहून घ्या," मॅडम सगळ्यांना म्हणाल्या. "झोप लागली, मुंगी चावली, किती वेळ ते माहीत नाही. उद्या तुम्ही दुसऱ्यांची पोरं घेऊन डोंगरात जाल. तिथे मला असा माणूस पाहिजे. झाडाचा श्वास ऐकणारा नको."

झाडाचा श्वास ऐकणारी मुलगी त्या दिवशी रडली. हे मॅडमनी टाळायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण मुलं त्यांना सोडून गेली नाहीत. ती मुलगी तर सगळ्यात जास्त त्यांच्या मागे मागे असायची.

'मला माहीत नाही' हे वाक्य त्या दिवसातून चार वेळा म्हणायच्या आणि आम्हीही म्हणावं असा त्यांचा आग्रह होता. एकदा बहादरपूरच्या, म्हणजे माझ्याच गावच्या शाळेची मुलं आम्ही नदीवर नेली होती. तारेवर एक काळा पक्षी बसला होता. मुलांनी विचारलं, सर, हा कोणता? मी म्हणालो, कोतवाल. मुलांनी वहीत लिहून घेतलं. परतताना बसमध्ये मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"पाटील, तो कोतवाल नव्हता."

"मग कोण होता?"

"मला माहीत नाही. पण कोतवालाची शेपूट दुभंगलेली असते. याची नव्हती."

"मुलांना काय फरक पडतो, मॅडम? गावातली पोरं आहेत."

"त्यांना नाही पडत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सवय लागते."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. मनात म्हणालो, बाई फारच खडूस आहे.

नसरीन अन्सारी आमच्याकडे आली ती माझ्या सहाव्या वर्षी. वडिलांचे चार पावरलूम, घरात सगळ्यांत धाकटी, बावीस वर्षांची. बोलायला चुरचुरीत. चढायला हलकी, गाठी अशा मारायची की मला पुन्हा तपासाव्या लागत नसत. फक्त पाण्याला घाबरायची. लहानपणी चुलतभाऊ तापीत बुडाला होता. नदीच्या आठवड्यात बाकीचे पोहत, बोट चालवत, आणि ती राजघाटाच्या वरच्या पायरीवर बसून राही. मॅडमही तिच्याशेजारी बसायच्या. तीन दिवस दोघी नुसत्या बसल्या होत्या. काय बोलत होत्या ते मी ऐकलं नाही. बहुतेक काही बोलत नव्हत्या. चौथ्या दिवशी नसरीन आपणहून खाली उतरली, शेवटच्या पायरीवर बसली आणि तिनं घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडले. मॅडमनी तिला त्या आठवड्यात पास केलं.

मी हरकत घेतली. "मॅडम, ती पोहलीच नाही."

"पोहायला तुम्ही शिकवा, पुढच्या उन्हाळ्यात. माझ्या विषयात ती पास आहे."

"घाबरणारी बाई मुलं कशी सांभाळेल?"

"घाबरणारं मूल तीच ओळखेल," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला ओळखू यायचं नाही."

त्या वर्षी नसरीन माझ्या आणि त्यांच्या दोघांच्याही विषयात पहिली होती. मॅडमनी तिला पुढच्या बॅचला मदतनीस म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. घरून परवानगी मिळवायला त्या तिच्या वडिलांकडे तीन वेळा जाऊन आल्या होत्या.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात शिकाऊ मुलंच एकमेकांना गट करून डोंगरावर नेतात. असीरगडासमोरची एक टेकडी आम्ही त्यासाठी वापरायचो. कुठेही जायच्या आदल्या दिवशी शिकवणाऱ्यांपैकी एकानं ती वाट पूर्ण चालून यायची आणि ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये लिहून सही करायची, हा नियम मॅडमनीच घातलेला. एरवी त्या स्वतः जायच्या. त्या वेळी दोन दिवस पाऊस पडून गेला होता आणि त्यांचा गुडघा सुजला होता. म्हणाल्या, "पाटील, उद्या तुम्ही जाऊन या. पाणी कुठून वाहिलंय ते बघा."

मी मोटरसायकलवर निघालो. टेकडीच्या पायथ्याशी गणपतची चहाची टपरी आहे. चहा घेतला. गणपतनं फोनवर मॅच लावली होती. मी बसलो. ऊन होतं, चिखल होता, आणि ती वाट मी पन्नास वेळा चढलेलो होतो. एक ओव्हर संपली की उठू, असं दोन-तीनदा मनात आलं. मग दुसरा चहा आला. मॅच संपली तेव्हा चार वाजून गेले होते. मी टेकडीकडे पाहिलं. ती रोजच्यासारखीच दिसत होती. परत आलो आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'वाट पाहून आलो. ठीक आहे.' खाली सही केली.

घरी कुणी आजारी नव्हतं, शेतात काही अडलं नव्हतं. तसं काही असतं तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलं आहे.

दुसऱ्या दिवशी एकवीस जण चढायला लागले. तिसऱ्या वळणावर वाट एका कड्याखालून जाते. तिथे दगडांच्या खालची माती पाण्यानं वाहून गेली होती. वरून काही कळत नव्हतं. चौदा जण त्या दगडांवरून गेले. पंधरावी नसरीन होती. तिच्या पायाखालचा मोठा दगड कलला आणि ती दगडासकट खाली गेली. दोन पुरुष खोल असेल. पाय दगडाखाली अडकला होता.

त्यानंतरचा एक तास मी फार चांगलं काम केलं. दोर लावून खाली उतरलो, दगड हलवला, काठ्या बांधून पाय स्थिर केला, दोरांची झोळी केली आणि सहा मुलांना सूचना देत तिला खाली आणलं. एकदाही चुकलो नाही. मॅडम तिचं डोकं धरून बाजूनं चालत होत्या. नसरीन एवढंच म्हणत होती, "मॅडम, अम्मी को मत बताना."

नडगी दोन ठिकाणी मोडली होती आणि घोट्याचा चुरा झाला होता. ऑपरेशन झालं, सळई घातली. ती चालेल, पण घोटा वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाहेर मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"पाटील, काल तुम्ही गेला होतात ना?"

"हो, मॅडम."

"तिसऱ्या वळणापर्यंत?"

"वरपर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आठ दिवसांनी संस्थेनं चौकशीला तिघांना बसवलं. टेबलावर रजिस्टर ठेवलेलं होतं, माझं पान उघडं. मला विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा बोलायला पहिल्यापेक्षा सोपं गेलं. मग मॅडमना विचारलं. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी गट माझ्या जबाबदारीवर होता. सकाळी माती ओली दिसत होती. थांबवावं असं माझ्या मनात आलं होतं. मी थांबवलं नाही." एका सदस्यानं विचारलं, "आदल्या दिवशी तर वाट ठीक होती, असं रजिस्टर सांगतं." मॅडम म्हणाल्या, "रजिस्टरचं मी सांगू शकत नाही. माझं सांगते."

त्यांच्या नोकरीची मुदत वाढवली नाही. मला प्रसंगावधानाबद्दल अभिनंदनाचं पत्र मिळालं आणि त्यांचा विषय मिळाला. जाताना त्यांनी आपली वही माझ्या टेबलावर ठेवली. निळ्या शाईतले, बारीक अक्षरातले सगळे तास. वर चिठ्ठी नव्हती.

दोन वर्षं मी त्या वहीतून शिकवलं. दापोऱ्याच्या बागेत पोरांना बसवलं. माणसं मोजायला शिकवलं. 'मार्गदर्शकाकडे देण्यासारखा फक्त त्याचा शब्द असतो, पोरं त्याच्यावर पाय ठेवून चालतात,' असं वहीत एके ठिकाणी आहे, तेही मी वाचून दाखवलं. माझा आवाज चांगला आहे. पोरं लक्ष देऊन ऐकतात.

मागच्या बॅचमध्ये एका मुलीनं हात वर केला. "सर, आपसे कभी गलती हुई? म्हणजे बाहेर नेताना?"

मी म्हणालो, "झाली की. एकदा मी पोरांना एक पक्षी कोतवाल म्हणून सांगितला, आणि तो कोतवाल नव्हता." मग ती गोष्ट मी रंगवून सांगितली, बस, खिडकी, शेपूट, सगळं. वर्ग हसला. ती मुलगी म्हणाली, "सर, आप कितने सच्चे हो." तिनं ते वहीत लिहूनही घेतलं.

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजघाटावर गेलो. मॅडम रोज तिथे फिरायला येतात, हे मला माहीत होतं आणि म्हणूनच दोन वर्षं मी तो रस्ता टाळत होतो. त्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. गमछा तोच.

"बसा, पाटील."

मी उभाच राहिलो. "मॅडम, मी त्या दिवशी वाट पाहिली नव्हती. टपरीवरूनच परत आलो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"ऑपरेशननंतर दोन दिवसांनी गणपतकडे गेले होते. तो म्हणाला, पाटील सर तर इथंच बसून होते, मॅच बघून राहिले होते."

"मग कमिटीसमोर बोलला का नाहीत?"

"तुम्ही होतात की तिथे," त्या म्हणाल्या.

नदीत कुणीतरी म्हशी धूत होतं. मी तिकडे बघत राहिलो. त्याच पुढे म्हणाल्या, "माझा गुडघा सुजला होता म्हणून मी तुम्हाला पाठवलं. सकाळी माती पाहून पाय थबकला होता. रजिस्टर आठवलं आणि पुढे गेले. हा माझा भाग आहे. तो मी सांगितला. तुमचा भाग मी कसा सांगणार?"

"मला माफ करा, मॅडम."

"मला कशाला सांगता? पाय माझा नाही मोडला."

"तुम्ही चला माझ्याबरोबर. मला एकट्यानं..."

"मी येऊन उपयोग नाही. ती मला भेटत नाही." त्या अगदी साध्या आवाजात सांगत होत्या. "हॉस्पिटलमध्ये मीच तिला म्हटलं होतं, चूक माझी झाली. तेव्हापासून बोलत नाही. मी महिन्यातून एकदा जाते. तिचे वडील पाणी देतात, बसायला सांगतात. ती आतच राहते. मी अर्धा तास बसते आणि येते."

चोवीस वेळा, मी मनात हिशेब केला. चोवीस वेळा त्या त्या घरात पाणी पिऊन परत आल्या होत्या. आणि मला हे ठाऊकही नव्हतं.

इतकं ऐकून मी तडक नसरीनकडे गेलो असतो तर सांगायला बरं वाटलं असतं. मला आणखी अकरा दिवस लागले. एकदा परीक्षा होती, एकदा पाहुणे होते. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो. शेवटी एका शुक्रवारी गेलो. शुक्रवारी पावरलूम बंद असतात, गल्ली शांत असते. तिथल्या आवाजात माझं बोलणं तिला ऐकू गेलं नाही आणि पुन्हा सांगावं लागलं, तर ते मला जमणार नाही अशी भीती वाटत होती.

तिच्या वडिलांनी दार उघडलं आणि माझे दोन्ही हात धरले. "नसरीन, देख कौन आया. पाटील सर आए." मला खुर्ची दिली, उशी दिली. म्हणाले, "सर, हर नमाज में आपके लिए दुआ करता हूँ. आप न होते तो बच्ची वहीं रह जाती."

नसरीन आतून आली. काठी होती. उजवा पाय आधी टाकायची, मग अंग वळवायची. ती आता घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. समोरच्या पलंगावर बसली आणि हसली. "सर, तुम्ही तर विसरूनच गेले आम्हाला."

मी सगळं सांगितलं. तिचे वडील चहा आणायला आत गेले होते, ते कप घेऊन दारात उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. मी टपरी सांगितली, मॅच सांगितली, रजिस्टर, कमिटी, मिळालेलं पत्र. बोलताना मी तिच्या पायाकडे बघायचं टाळत होतो.

मग तिनं विचारलं, "मॅच किसका था?"

मला आठवेना. खरंच आठवेना. दोन चहा आणि तीन तास ज्याच्यापायी बसलो, त्यात कोण खेळत होतं हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं.

"याद करो, सर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

"नाही आठवत."

तिनं मान हलवली. तिच्या वडिलांनी चहाचे कप हळूच खिडकीत ठेवले. माझ्याजवळ आणले नाहीत. नसरीन भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "दो साल मैंने उनको बाहर बिठाया. एक बार तो बारिश में आई थीं. मी आतून ऐकत होती, अब्बू त्यांना टॉवेल देऊन राहिले होते. तब भी नहीं निकली." मग काठी घेऊन उठली. "मॅडम कुठे राहतात?"

"लालबागला."

"चला."

"आता?"

"आता. तुम्ही घर दाखवा फक्त."

संस्थेला मी नंतर सगळं लेखी दिलं. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "पाटील, जे झालं ते झालं. आता उकरून कुणाचा पाय बरा होणार आहे?" कागद ड्रॉवरमध्ये गेला. मॅडमना परत बोलवावं असंही मी लिहिलं होतं. पण मॅडमनी स्वतःच नाही म्हणून कळवलं. विषय माझ्याकडेच राहिला.

पण त्या शुक्रवारी मी रिक्षा करून आणली. पाय वळत नाही म्हणून नसरीन मागच्या सीटवर आडवी बसली, वडील तिच्याजवळ. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. लालबागला स्टेशनच्या अलीकडे एका बोळात मॅडमच्या दोन खोल्या आहेत, पुढे छोटंसं अंगण. मॅडम अंगणात बसून लसूण सोलत होत्या. रिक्षा थांबल्यावर वर पाहिलं. आधी मी दिसलो. मग मागून काठी बाहेर आली, मग नसरीन.

मॅडम उठल्या. मांडीवरची लसणाची सालं अंगणभर झाली. नसरीन उतरायला वेळ घेत होती आणि मॅडम तिला धरायला पुढे आल्या नाहीत. जागेवर उभ्या राहून बघत होत्या, ती पाय कसा टाकते, भार कुठे देते. नसरीन अंगणात पोचली. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मी रस्त्यावरच होतो.

"मॅडम, चाय पिलाओगे?" नसरीन म्हणाली.

"दूध फाटलंय," मॅडम म्हणाल्या. "काळा चालेल?"

नसरीननं मान डोलावली. मॅडमनी तिच्या वडिलांना आत यायला सांगितलं. एक पायरी होती. नसरीन ती चढली. तिच्या मागून मॅडम दारापर्यंत गेल्या आणि तिथे वळल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाटील, गेट लावून घ्या. गाई शिरतात."

ते मला आत या म्हणणं होतं की जा म्हणणं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. मी गेट लावून घेतलं, बाहेरून.